बुक डॉक्टरांचं, गाडी आमच्या अंगणात

वाचकाचं पत्र

आम्ही वाईचे. अंगणात १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट उभी आहे. आजोबांनी ती १९७६ मध्ये गिरगावातल्या एका डॉक्टरांकडून घेतली, पण बुक (गाडीचं नोंदणी पुस्तक, म्हणजे आरसी) नावावर करायचं राहून गेलं. डॉक्टर गेले, १९९८ मध्ये आजोबा गेले, गेल्या वर्षी बाबाही गेले. बुकावर आजही डॉक्टरांचंच नाव आहे. १९८५ मध्ये बाबांनी पद्मिनीचं इंजिन बसवलं, त्याची नोंद बुकात दिसत नाही. बोनेटखालच्या पत्र्यावरचा चेसिस नंबर आणि बुकातला नंबर यांत एका आकड्याचा फरक आहे : शेवटून दुसरा आकडा बुकात १, पत्र्यावर ७ वाटतो. एका बँकेचा एचपीचा, म्हणजे गाडीवर कर्ज असल्याचा, शिक्काही आहे. एक एजंट म्हणतो, "भंगारात गेलेल्या फियाटचं क्लिअर बुक माझ्याकडे आहे. चाळीस हजार द्या, पंधरा दिवसांत गाडी तुमच्या नावावर." मेकॅनिक म्हणतो, गोठ्यात पडलेला जुन्या इंजिनाचा ब्लॉक भंगारात घाला. काका दोन्हींना तयार आहेत, माझं मन होत नाही. मला गाडी विकायची नाही, चालवायची आहे. आईचं एकच म्हणणं आहे, बुकावर एकदा तरी आजोबांचं नाव लागावं. लागेल का?

- एक वाचक, वाई

उत्तर

ताई, तुमचं मन होत नाही ते अगदी योग्य आहे. एजंटला आजच नाही म्हणून कळवा आणि मेकॅनिकला सांगा, गोठ्यातल्या ब्लॉकला कुणी हात लावायचा नाही. तो ब्लॉक तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार ठरू शकतो. कसा, ते पुढे सांगते.

आधी एजंटचा विषय संपवू. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून ११०० डी निघू लागली. तीच १९७२ मध्ये प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. नाव बदललं, जाळी बदलली, पण सांगाडा जवळजवळ तोच राहिला. त्यामुळे एका फियाटचं बुक दुसऱ्या फियाटला लावणं दिसायला सोपं आहे, आणि वर्षानुवर्षं लोक ते करत आलेत. पण म्हणजे नेमकं काय करायचं? तुमच्या गाडीचा नंबर घासून काढायचा, त्या जागी मेलेल्या गाडीचा नंबर ठोकायचा आणि तिच्या मालकाच्या वारसांच्या सह्या कुणीतरी करायच्या. ही फसवणूक आहे आणि बनावट दस्तऐवज वापरण्याचा गुन्हाही. एजंट उद्या फोन उचलणार नाही, बुकावर नाव तुमचं असेल. शिवाय ती दुसरी गाडी खरंच भंगारात गेली की चोरीला गेली, हे तुम्हाला कोण सांगणार? आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते असं, की एकदा नंबर घासला की आजोबांची गाडी कोणती होती हे पुन्हा कुणालाही सिद्ध करता येत नाही. तुम्हालाही नाही. आज तुमची कागदपत्रं अपुरी आहेत, पण खरी आहेत. अपुरी कागदपत्रं पुरी करता येतात.

आता गाडीकडे जाऊ. या फियाटला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते, बॉडी हीच चेसिस. म्हणजे तो नंबर असलेला पत्रा हीच गाडीची ओळख. जुन्या गाड्या नव्या करताना डेंटर गंजलेला पत्रा कापून नवा जोडतो, त्याच्या दृष्टीने काम चोख होतं, आणि नंबर कचऱ्यात जातो. असं झालेल्या तीन गाड्या मी स्वतः पाहिल्या आहेत. म्हणून गाडी गॅरेजला जाण्याआधीच बजावून ठेवा : त्या पत्र्यावर ग्राइंडर नाही, सँडपेपर नाही, लांबी (पुट्टी) भरायची नाही, रंग मारायचा नाही.

नंबर तुम्ही घरीच नीट वाचू शकता. मऊ फडकं रॉकेलमध्ये बुडवून नंबरच्या जागेवर दहा मिनिटं ठेवा. मग जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने मळ काढा आणि कोरडं पुसा. संध्याकाळी, अंधार पडल्यावर, टॉर्च समोरून न धरता पत्र्याला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा. समोरच्या उजेडात जो आकडा नुसता डाग वाटतो, त्याच्या कडांची सावली बाजूच्या उजेडात उठून दिसते. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून पाहा आणि तिन्हींचे फोटो काढा. मग पातळ कागद नंबरवर ताणून धरा आणि मऊ पेन्सिल आडवी फिरवा. यालाच आरटीओच्या भाषेत चेसिस प्रिंट म्हणतात. चार-पाच प्रिंट काढून ठेवा, पुढे फॉर्मांना चिकटवायला लागतीलच. ७ असेल तर वरची आडवी रेघ कागदावर उमटेल. १ असेल तर उमटणार नाही, गंजाचा खड्डा असला तर ठिपका येईल, रेघ येणार नाही.

समजा ७ निघाला. मग प्रश्न असा, की बुक लिहिणाऱ्याने चूक केली की ही गाडीच वेगळी? घाबरू नका, पहिली शक्यता फार मोठी आहे. ती बुकं हाताने लिहिलेली असायची. टाक जरा घसरला की इंग्रजी ७ चा १ होतो.

माझ्या मामांच्या लॅम्ब्रेटा स्कूटरच्या वेळी आम्ही यातून गेलो आहोत. तिचं जुनं रजिस्टर मराठी आकड्यांत होतं. नोंदी संगणकावर चढवताना कुणीतरी १ चा ९ वाचला. मामेभाऊ गाडी नावावर करायला गेला तर संगणक म्हणे, हा चेसिस नंबर या गाडीचा नाही. चौदा महिने आम्ही त्या कार्यालयात हेलपाटे घातले. शेवटी एका भल्या लिपिकाने रेकॉर्ड रूममधून कापडात बांधलेलं रजिस्टर आणलं आणि पान उघडलं. त्याच पानावर खाली कुणाचा तरी खरा ९ होता. दोन्ही आकडे शेजारी ठेवले आणि दहा सेकंदांत सगळ्यांना पटलं. दुरुस्तीचा अर्ज तिथेच लिहून घेतला.

म्हणून तुमच्या बाबतीतही घरातल्या बुकावर थांबायचं नाही. ज्या कार्यालयात पहिली नोंदणी झाली तिथलं मूळ रजिस्टर बघायचं. आरसी पर्टिक्युलर्ससाठी, म्हणजे नोंदीतल्या तपशिलाच्या उताऱ्यासाठी, रीतसर अर्ज करता येतो. दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण तुमचं नाव बुकावर नसल्याने 'त्रयस्थाची माहिती' म्हणून अर्ज नाकारला जाण्याची शक्यता आहे. डॉक्टरांच्या वारसाचं अधिकारपत्र बरोबर असेल तर हा अडसर राहणार नाही.

रजिस्टरमध्येही १ च निघाला तर? इथे गोठ्यातला ब्लॉक उपयोगी पडतो. बुकात इंजिन नंबरही असतो. तुमच्या बाबांनी १९८५ मध्ये काढून ठेवलेल्या इंजिनाच्या ब्लॉकवर तोच नंबर निघाला, तर बुकातली गाडी आणि अंगणातली गाडी एकच असल्याचा तो भक्कम पुरावा झाला. त्याच्या जोडीला इंजिन बदलल्याचं गॅरेजचं बिल, आजोबांच्या काळातल्या विम्याच्या पॉलिसी आणि टॅक्सच्या पावत्या शोधा. पॉलिसीवर चेसिस नंबर लिहिलेला असतो, त्यातल्या एखादीवर ७ असला तर आणखी उत्तम. देव्हाऱ्याखालचा ड्रॉवर, आजोबांची ट्रंक, गाडीचा डॅशबोर्डचा कप्पा, सीटखालची जागा सगळं बघा. हे सगळं मोटार वाहन निरीक्षकासमोर ठेवून प्रत्यक्ष तपासणी आणि नोंदीतल्या दुरुस्तीचा अर्ज करायचा.

आणि आकडा खरोखरच वाचता येत नसेल, तर स्वतः पंच मारून घेऊ नका. कुठलाही गॅरेजवाला शंभर रुपयांत मारून देईल, आणि त्या क्षणापासून तुमच्या खऱ्या गाडीवर खाडाखोडीचा संशय येईल. पंच मारताना पत्र्याच्या आतल्या थरावरही दाब येतो, त्यामुळे वरचा आकडा झिजला तरी न्यायसहायक वैज्ञानिक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेतले लोक रसायन लावून तो पुन्हा दिसता करू शकतात. तिथपर्यंत जायची वेळ आलीच तर ती आरटीओच्या किंवा पोलिसांच्या पत्रानेच येते. नंबर पुन्हा ठोकायचा तर तोही आरटीओच्या लेखी परवानगीनेच.

इंजिनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे : जुना ब्लॉक दुरुस्त करून परत बसवा. तोही १०८९ सीसीचाच, पद्मिनीच्याच घराण्यातला, त्यामुळे सुटे भाग मिळण्यात फार अडचण नाही. ब्लॉकला तडा गेलेला नसेल तर बोअरिंग करून स्लीव्ह टाकता येतात. खर्च येईल, पण बुकातला इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर पुन्हा जुळतील आणि एक अख्खा वाद संपेल. ब्लॉक कामातून गेलेला असेल, तर पद्मिनीच्या इंजिनाची नोंद करून घ्यावी लागेल. त्यासाठी परवानगीचा अर्ज आणि ते इंजिन कुठून आलं याचा कागद लागतो. बाबांनी कुणाकडून घेतलं त्याची पावती सापडली तर जपा. तरीही ब्लॉक भंगारात घालू नका, तो नंबर पुरावा म्हणून लागणारच आहे.

आता मालकीचं. पत्रातल्या सगळ्या गोष्टींत हीच घाईची आहे. गंज दोन महिने थांबेल. माणसं थांबतीलच असं नाही. डॉक्टरांची मुलं आज सत्तरी-ऐंशीच्या घरात असतील. आरटीओत पाऊल टाकण्याआधी त्यांना शोधून भेटा. बुकावरचा पत्ता गिरगावचा आहे, तिथे कुणीतरी ओळखीचं नक्की असेल. फोनवर काम उरकू नका, आईला घेऊन प्रत्यक्ष जा. गाडीचे फोटो न्या. आपल्या वडिलांची गाडी अजून कुणीतरी सांभाळली आहे हे पाहून बहुतेक माणसं हातातलं काम टाकून मदत करतात. तुम्ही पैसे मागायला आलेला नाहीत हे मात्र पहिल्या दोन वाक्यांत सांगा.

त्यांच्याकडून हवं ते असं. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला. सगळ्या वारसांचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, ज्यात साफ लिहिलेलं असेल की गाडी १९७६ मध्ये तुमच्या आजोबांना विकली, पैसे तेव्हाच मिळाले आणि आमचा तिच्यावर हक्क नाही. त्यानंतर रीतसर वाट दोन टप्प्यांची. मालक मरण पावलेला असल्याने आधी फॉर्म ३१ भरून गाडी डॉक्टरांच्या एका वारसाच्या नावावर येते. मग तो वारस फॉर्म २९ आणि ३० वर सही करून ती तुमच्या नावावर करतो. फॉर्म ३१ ची मुदत मृत्यूनंतर तीन महिन्यांची होती, ती केव्हाच उलटली, तेव्हा उशिराचा भुर्दंड पडेल. तो भरा आणि पावती घ्या.

कुणी तुम्हाला डॉक्टरांच्या सहीचा 'जुना' टीटीओ (मालकी बदलाचा) फॉर्म आणून देतो म्हणालं, तर दार लावून घ्या. मेलेल्या माणसाच्या सहीवर आजची तारीख घालणं म्हणजे पुन्हा तोच गुन्हा.

वारस सापडलेच नाहीत किंवा सही द्यायला तयार झाले नाहीत, तर दिवाणी न्यायालयात मालकी जाहीर करून मागण्याचा दावा हा मार्ग आहे. वेळ लागतो, पण निकालाची प्रत हातात आली की आरटीओला त्याप्रमाणे नोंद करता येते. तिथे आजोबांची १९७६ ची पावती सापडली तर ती आणि पन्नास वर्षांचा ताबा दाखवणारे विम्याचे, टॅक्सचे कागद कामाला येतील. बुक हा नोंदणीचा कागद आहे, मालकी मुळात विक्रीने आणि ताब्याने जाते. पण म्हणून बुक दुसऱ्याच्या नावावर ठेवून निर्धास्त राहता येत नाही. अपघात झाला तर भरपाईसाठी कायदा बुकावरच्या नावाकडेच बघतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. डॉक्टरांच्या मुलांना हे समजावून सांगा. गाडी तुमच्या नावावर जाण्यात त्यांचंही हित आहे.

मग तुमचं स्वतःचं घर. गाडी तुमच्या नावावर व्हायला काका तयार आहेत असं पत्रावरून दिसतं. पत्रात आत्याचा उल्लेख नाही. आत्या असेल तर आजोबांच्या स्वकष्टाच्या वस्तूत तिचा वाटा काकांइतकाच आहे. हे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना वाटा देणाऱ्या २००५ च्या दुरुस्तीमुळे आलेलं नाही, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. बाबांच्या वाट्याला तुम्ही, आई आणि भावंडं. या सगळ्यांचं 'गाडी हिच्या नावावर करायला आमची हरकत नाही' असं प्रतिज्ञापत्र फाईलला लावा. तलाठ्याकडची वारस नोंद सातबाऱ्यासाठी असते, गाडीला ती चालत नाही. कार्यालयाने वारस दाखला मागितलाच तर तो दिवाणी न्यायालयातून, १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो.

एचपीच्या शिक्क्याला घाबरू नका. बँकेकडून कर्ज फिटल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ घेतला की तो बोजा उतरतो. मूळ बँक विलीन झाली असेल, तर जिच्यात ती गेली त्या बँकेकडे जायचं. देना बँकेचे कागद २०१९ पासून बँक ऑफ बडोदाकडे असतात, तसंच.

नावावर होण्याआधी जुनी नोंद सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर चढवावी लागते, त्याला बॅकलॉग एंट्री म्हणतात. इथे डोळ्यांत तेल घालून बसा. नोंद मंजूर होण्याआधी स्क्रीनवर चेसिस नंबर, इंजिन नंबर, पहिल्या नोंदणीची तारीख, इंधन आणि रंग एकेक करून मोठ्याने वाचून घ्या. आज दोन मिनिटं गेली तरी चालतील, नंतर तीच चूक काढायला वर्ष जातं. सुरक्षित नंबरप्लेटही या नोंदीवरच अवलंबून आहे.

आता, चालवायची म्हणता, तर नेहमीचं नूतनीकरण की विंटेज नोंदणी? जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून नोंदता येतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंतर पुनर्नोंदणीला ५,०००. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही, आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. पसरणीच्या घाटाने पाचगणीला जाऊन भजी खाऊन यायचं म्हटलं तर ते त्यात बसत नाही. म्हणून तुम्ही फॉर्म २५ भरून साधं नूतनीकरण करा. ते पाच वर्षांचं असतं. वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये फी आहे, शिवाय पर्यावरण कर आणि उशिराची रक्कम. काका पंधरा वर्षांचा नियम सांगून घाबरवत असतील तर त्यांना सांगा, तो दिल्ली परिसरातला. आपल्याकडे पेट्रोल गाडी तपासणीत उतरली की चालते. तोवर मात्र ती रस्त्यावर आणू नका. तपासणीला न्यायची तर टो करून न्या.

आता आईंचा प्रश्न. बुकावर आजोबांचं नाव लागणार नाही. मरण पावलेल्या व्यक्तीच्या नावावर नोंदणी होत नाही, आणि करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण डॉक्टरांच्या मुलांचं जे प्रतिज्ञापत्र होईल, त्यात आजोबांचं पूर्ण नाव, वाईचा पत्ता आणि १९७६ साल आवर्जून घालून घ्या. तो कागद आरटीओच्या फाईलला लागतो आणि तिथेच राहतो. त्याच्या दोन नोटरी प्रती जास्त करून घ्या. एक गाडीच्या बुकाला टाचा, दुसरी आईंच्या हातात द्या.